ताजी मासळी घरी आणल्यावर: बर्फापासून तव्यापर्यंत

मासळीची चव बहुतेक वेळा स्वयंपाकघरात पोचायच्या आधीच गेलेली असते. पहाटे रापणीवरून (किनाऱ्यावर ओढून आणायच्या मोठ्या जाळ्यावरून) घेतलेले बांगडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवले, वाटेत दोन कामं उरकली, घरी येऊन चहा घेतला आणि मग पिशवी उघडली, की पुढे कितीही चांगलं वाटण केलं तरी वशाट वास राहतोच. नव्याने शिकणारे आधी मसाल्याचं प्रमाण विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते बर्फाचं प्रमाण.

या लेखात मुख्य उदाहरण बांगड्याचं घेतलं आहे. तो कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर भरपूर मिळतो, खिशाला परवडतो, साफ करायला सोपा असतो आणि बिघडतोही झटकन. बांगडा नीट सांभाळता आला की सुरमई, पापलेट, तांबोशी अवघड वाटत नाहीत. जिथे पद्धत बदलते, तिथे त्या माशाचं वेगळं सांगितलं आहे.

मासा इतक्या लवकर का बिघडतो

मासा मेला की काही वेळाने त्याचं अंग ताठरतं. डोक्याकडून धरून आडवा उचलला तर तो वाकत नाही, शेपूट सरळ राहते. मासा ताठ असेल तर तो नुकताच पकडलेला आहे, याहून चांगला पुरावा बाजारात मिळत नाही. हा ताठरपणा उन्हात लवकर येतो आणि लवकर जातो, बर्फात उशिरा येतो आणि बराच वेळ टिकतो. तो असताना मासा जबरदस्तीने सरळ करू नये, मांस फाटतं.

ताठरपणा उतरला की तीन गोष्टी एकदम सुरू होतात. पोटातले पाचक रस आतडी आणि पोटाची भिंत विरघळवायला लागतात. तारली आणि बांगडे पोटभर खाऊन जाळ्यात सापडले असतील तर काही तासांत त्यांचं पोट फुटतं ते यामुळेच. दुसरीकडे कल्ले, कातडी आणि आतड्यांमधले जीवाणू मांसात शिरतात. समुद्री माशाच्या अंगात मुळात एक वासरहित पदार्थ असतो, ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा. जीवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि आपण ज्याला ‘माशाचा वास’ म्हणतो तो हा. म्हणजे ताज्या माशाला हा वास नसतोच. त्याला समुद्राच्या पाण्यासारखा, थोडा शेवाळी वास येतो. तिसरी गोष्ट म्हणजे बांगडा, तारली यांच्यासारख्या तेलकट माशांमधलं तेल हवेने खवट होतं.

या तिन्ही गोष्टींचा वेग तापमानावर ठरतो. शून्य अंशाला मासा ज्या वेगाने बिघडतो, त्याच्या साधारण दुप्पट वेगाने तो पाच अंशांना आणि चौपट वेगाने दहा अंशांना बिघडतो. घरातल्या फ्रीजचा मधला कप्पा बहुधा चार ते आठ अंशांच्या दरम्यान असतो, दार सारखं उघडत असेल तर त्याहूनही वर. म्हणून ‘फ्रीजमध्ये ठेवलाय’ एवढ्याने मासा सुरक्षित झाला असं समजू नये. बर्फात नीट ठेवलेला अख्खा बांगडा चार-पाच दिवस चांगला राहतो. तोच उघड्यावर, तीस अंशांच्या हवेत, सकाळचा दुपारपर्यंत धरवत नाही.

वास न येताही विषारी होणारा मासा

बांगडा, तारली, सुरमई आणि कुपा (ट्यूना) या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरम राहिला तर काही जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन मासा सडल्याचा वास येण्याआधीच धोकादायक प्रमाणात तयार झालेलं असू शकतं. उकळून, तळून किंवा गोठवून ते जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, छाती धडधडते, कधी उलटी-जुलाब होतात. पुष्कळ जणांना ती ‘माशांची ॲलर्जी’ वाटते आणि ते कायमचे मासे सोडतात, जेव्हा दोष फक्त त्या दिवशी बर्फ न घालण्याचा असतो. घास घेतल्यावर जीभ मिरी चावल्यासारखी चुरचुरली तर तिथेच थांबा. त्रास सुरू झाला तर डॉक्टरांकडे जा आणि कुठला मासा, किती वाजता खाल्ला ते सांगा. श्वास लागत असेल तर थेट रुग्णालय गाठा.

व्यवहारात नियम सोपा ठेवावा: बांगडा किंवा तारली बर्फाशिवाय चार तासांहून जास्त उन्हा-उकाड्यात राहिली असेल तर ती खाऊ नये. वास घेऊन ठरवण्याच्या भानगडीत पडू नये.

बर्फ किती आणि कसा

एक किलो बर्फ वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. तीस अंशांचा एक किलो मासा शून्यावर आणायला साधारण 25 किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे नुसता गार करण्यातच किलोमागे सुमारे 300 ग्रॅम बर्फ खर्च होतो. पुढे पेटीच्या भिंतींमधून शिरणारी उष्णता वेगळी. आपल्या हवेत एक किलो माशाला एक किलो बर्फ हे प्रमाण धरतात ते म्हणूनच. प्रवास तीन-चार तासांचा आणि पेटी पातळ असेल तर दीड किलो घ्या.

लादी अखंड ठेवू नका. गोणपाटात गुंडाळून बारीक फोडा, कारण मोठा खडा माशाला एका जागी टेकतो आणि त्याच्या कडेने मांसावर खळगा पाडतो. थर्माकोलच्या पेटीच्या तळाला दोन-तीन बोटं जाडीचा बर्फ, त्यावर माशांचा एक थर, पुन्हा बर्फ, आणि सगळ्यात वर जाडसर बर्फ अशी रचना हवी. वरचा बर्फ सर्वांत महत्त्वाचा. तो वितळून गार पाणी माशांवरून ओघळत खाली जातं आणि जाताना रक्त, चिकट बुळबुळ धुऊन नेतं. हे पाणी निघून जायला पेटीच्या तळाला कोपऱ्यात भोक असलंच पाहिजे. ते नसेल तर खालचे मासे गढूळ पाण्यात पडून राहतात, त्यांचा रंग उतरतो आणि मांस सुटं होतं. सुरुवातीला सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे: बर्फ घातला जातो, पण पाण्याची वाट ठेवली जात नाही.

स्वतः गळाने किंवा पागाने (फेकायच्या जाळ्याने) मासे धरत असाल तर मासा तडफडत ठेवू नका. तडफडण्यात अंग तापतं आणि मांसात आम्ल वाढतं, त्यामुळे ते मऊ आणि कोरडं होतं. तांबोशी, जिताडा अशा मोठ्या माशाच्या डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर जाड दांडक्याने एकच ठाम फटका मारा. लगेच दोन्ही बाजूंचे कल्ले कात्रीने कापून त्याला पाच मिनिटं पाण्याच्या बादलीत डोकं खाली करून धरा. रक्त निघून गेलेलं मांस पांढरं राहतं आणि जास्त टिकतं. बांगड्याएवढ्या माशांना एवढं करत बसायला नको. दोन भाग बारीक बर्फ आणि एक भाग स्वच्छ समुद्राचं पाणी यांचा रबडा तयार ठेवा आणि मासा वर काढल्याबरोबर त्यात टाका. खाऱ्या पाण्यामुळे हा रबडा शून्याच्याही किंचित खाली जातो आणि माशाला सगळीकडून भिडतो, म्हणून नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा खूप लवकर गार करतो. बंदरातलं पाणी यासाठी वापरू नका, त्यात तेल आणि सांडपाणी असतं. साध्या पाण्याच्या लिटरला दोन मोठे चमचे मीठ घातलं तरी काम होतं. तासाभराने मासे काढून, पाणी न घातलेल्या नुसत्या बर्फाच्या पेटीत रचा.

जाळ्यात काय आलंय ते आधी बघून घ्या. फुगणारा केंड मासा पूर्णपणे बाजूला काढा. त्याच्या अंगातलं विष शिजवून नष्ट होत नाही आणि त्यावर उतारा नाही. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात. हाताळण्याआधी ते जाड कात्रीने किंवा पकडीने मुळापासून तोडा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात (साधारण 45 अंश) अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. वेदना पुष्कळ उतरते. तुटलेला काटा आत राहिला असेल तर मात्र डॉक्टरच हवेत.

विकत घेताना

डोळे फुगीर आणि काळे-चकचकीत हवेत. आत बसलेले, धुरकट नकोत. कल्ल्यांवरचं झाकण उचला, आतला रंग लालभडक हवा. तपकिरी किंवा राखाडी कल्ले म्हणजे मासा जुना. बोटाने पाठीवर दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. पोट घट्ट हवं आणि मागच्या भोकातून पाणी-आतडी बाहेर आलेली नकोत. बांगड्याच्या पाठीवरचे निळे-हिरवे पट्टे चमकदार असतील तर बाकी तपासायची गरज फारशी उरत नाही. कापलेल्या सुरमईच्या तुकड्यात मात्र डोळे-कल्ले दिसत नाहीत. तिथे मांस ओलसर, किंचित पारदर्शक आहे का आणि मधल्या काट्याजवळचं रक्त लाल आहे का ते पाहा. तपकिरी पडलेलं असेल तर घेऊ नका.

साफ करणं

मासा साफ करायच्या आधी अर्धा तास तरी बर्फात गार असावा. गार मासा घट्ट राहतो, सुरी सरळ जाते, पोट फाटत नाही. विळीची सवय नसेल तर सुरुवात चांगली धारदार सुरी आणि मजबूत कात्री यांनीच करा. बोथट सुरी जास्त धोक्याची, कारण जोर लावावा लागतो आणि बुळबुळीत मासा निसटतो. पकड यायला बोटांना थोडं मीठ चोळा.

बांगड्याचे खवले अगदी बारीक असतात. सुरीची बोथट बाजू शेपटीकडून डोक्याकडे दोन-तीनदा फिरवली की निघतात. सुरमईला खवले जवळपास नसतातच. तांबोशी, रावस यांचे खवले मोठे आणि चिवट. ते नळाखाली किंवा पाण्याच्या टोपात बुडवून काढले तर स्वयंपाकघरभर उडत नाहीत. पोट फाडायच्या आधी खवले काढायचे, नंतर नाही. पोट रिकामं झाल्यावर मासा लोळा होतो आणि निघालेले खवले आतल्या मांसाला चिकटतात.

मग कात्रीने पाठीवरचे, पोटाखालचे आणि बाजूचे पर शेपटीकडून डोक्याच्या दिशेने कापा. आता मुख्य काम. मासा उताणा धरा. मागच्या भोकात सुरीचं टोक जेमतेम अर्धा सेंटिमीटर घाला, धार वरच्या दिशेला, म्हणजे तुमच्याकडे, ठेवा आणि गळ्यापर्यंत उघडत न्या. टोक खोल गेलं तर आतडी आणि पित्ताची पिशवी फुटते. ही छोटी हिरवट पिशवी काळजाला (यकृताला) चिकटलेली असते; ती फुटली तर पित्त जिथे सांडेल तिथलं मांस कडू होतं. फुटलीच तर ताबडतोब मीठ चोळून भरपूर पाण्याने धुवा आणि हिरवा-पिवळा डाग राहिलेला भाग कापून टाका. तो शिजवून गोड होत नाही.

झाकण उचलून कल्ले वर आणि खाली जिथे जोडलेले असतात तिथे कात्री लावा आणि ओढा. गळा आणि आतड्यांचा पुढचा भाग त्याबरोबरच येतो. उरलेलं बोटाने काढा. डोकं ठेवलं तरी कल्ले ठेवायचे नाहीत, कारण सर्वांत जास्त जीवाणू तिथेच असतात आणि रस्सा कडवट-गढूळ होतो.

आतून रिकामा झालेला मासा उजेडात धरून बघा. पोटाच्या भिंतीला काळा पातळ पापुद्रा दिसेल आणि मधल्या काट्याला लागून, पातळ पडद्याखाली, गडद लाल रक्ताची एक रेघ. कालवणाला वशाट वास येतो तो बहुधा या दोन गोष्टी राहून गेल्याने. काळा पापुद्रा अंगठ्याने किंवा सुती फडक्याने घासून काढा. रक्ताच्या रेघेवरचा पडदा सुरीच्या टोकाने उभा चिरा आणि नखाने किंवा जुन्या, फक्त याच कामाला ठेवलेल्या टूथब्रशने खरवडा. एका बांगड्याला यात मिनिटभरही लागत नाही.

पोटात गाबोळी (माशाच्या अंड्यांची पिशवी) निघाली तर फेकू नका. पिशवी अखंड ठेवून ती वेगळी धुवा, हळद-मीठ लावा, थोड्या पाण्यात घट्ट होईपर्यंत उकडा आणि मग कापं करून तव्यावर परता. कच्ची तळली तर ती फुटून तेल उडतं.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चांगला मासा इथे वाया जातो. मासा अख्खा असताना हवा तितका धुवा. तुकड्या केल्यावर मात्र एकदाच, झटपट, गार खाऱ्या पाण्यात (लिटरला दोन लहान चमचे मीठ) बुचकळून काढा. साध्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवलेल्या तुकड्या पाणी पितात, आतली चव पाण्यात सोडतात, तव्यावर चिकटतात आणि रश्श्यात मोडतात. चार-पाच वेळा चोळून धुणं हा स्वच्छतेचा भाग वाटतो, पण वास पोटातल्या रक्तात होता; तो बाहेरून धुऊन जात नाही. धुतल्यावर स्वच्छ फडक्याने टिपून कोरडं करा.

बांगडा तळायचा तर अख्खा ठेवून दोन्ही अंगांना तीन-तीन तिरक्या खाचा मारा, काट्याला टेकतील इतक्याच. कालवणाला डोकं वेगळं आणि धडाचे दोन किंवा तीन तुकडे. किलोला सहा-सात येणारे बांगडे डोकं-आतडी काढून साधारण 600 ते 650 ग्रॅम भरतात. चौघांच्या कालवणाला एवढे पुरतात.

काही माशांना वेगळी वागणूक लागते. बोंबलाच्या अंगात जवळपास नव्वद टक्के पाणी असतं. डोकं, पर, शेपटीचं टोक काढून तो पोटाच्या बाजूने उभा चिरा आणि पुस्तकासारखा उघडा. मग मीठ लावून दोन फडक्यांच्या मध्ये, वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून तासभर दाबा. हे टाळलं तर बोंबील तव्यावर कुरकुरीत होण्याऐवजी उकडला जातो. मोरी (लहान शार्क) आणि पाकट (चपटा, शेपटीवाला मासा) यांच्या रक्त-मांसात युरिया असतो, त्याचा अमोनिया होऊन झणझणीत वास येतो. त्यांची कातडी काढून तुकडे चिंचेच्या कोळाच्या किंवा कोकम आगळाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून ते पाणी फेकून द्या. कोळंबीचं डोकं आधी काढा, कारण तिचे पाचक रस डोक्यातच असतात आणि तिथूनच ती काळी पडायला लागते. पाठीवर उथळ चीर देऊन काळा दोरा ओढून काढा. तिसऱ्या (शिंपल्या) रेती सोडण्यासाठी समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात, म्हणजे लिटरला 35 ग्रॅम मीठ, दोन-तीन तास ठेवा. गोड्या पाण्यात त्या मरतात आणि रेती आतच राहते. टिचकी मारूनही जी उघडी तिसरी मिटत नाही ती टाका.

भांडी, पाट, सुरी आधी गार पाण्याने आणि मगच साबण-गरम पाण्याने धुवा. आधीच गरम पाणी ओतलं तर माशाची प्रथिनं गोठून भांड्याला धरून बसतात, आणि वासही त्यांच्याबरोबर राहतो. कचरा घंटागाडी येईपर्यंत पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवला तर घरात वास येत नाही. परसात माड असेल तर बुंध्यापासून थोडं दूर, हातभर खोल पुरा. उथळ पुरलं तर मांजरं आणि कुत्री उकरतात.

आज खायचं नसेल तर

उद्या-परवा खायचे मासे साफ करून, पुसून, डब्यात जाळीच्या ताटलीवर ठेवा आणि डबा फ्रीजच्या सर्वांत थंड जागी, सहसा सर्वांत खालच्या कप्प्यात मागे, ठेवा. वर पिशवीत बांधलेला बर्फ ठेवलात तर उत्तम. असे एक ते दोन दिवस. त्यापुढे फ्रीझर, उणे 18 अंश.

गोठवताना शत्रू दोन: हवा आणि सावकाशपणा. माशातलं पाणी हळूहळू गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते मांसाच्या पेशी फाडतात आणि वितळल्यावर सगळा रस बाहेर येतो. म्हणून एका वेळच्या वापरापुरते, अर्ध्या किलोचे, चपटे पुडे करा आणि एकावर एक न रचता फ्रीझरच्या तळाला पसरा. दोन किलोंचा गोळा घरच्या फ्रीझरमध्ये मध्यापर्यंत गोठायला रात्र पुरत नाही. पिशवीतली हवा काढायला मासे भरलेली, तोंड उघडी पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवा. पाण्याच्या दाबाने हवा निघते, मग तोंड बंद करा आणि तारीख लिहा. पापलेट, तांबोशी असे कमी तेलाचे मासे चार-सहा महिने चांगले राहतात, बांगडा आणि तारली दोन-तीन महिनेच. आणि हे लक्षात ठेवा: बांगड्याला मीठ-मसाला लावून गोठवू नका. मिठामुळे त्यातलं तेल उलट लवकर खवट होतं.

वितळवताना रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटात काढून ठेवा. पिशवी हवाबंद करून आणलेली असेल तर वितळवण्याआधी तिला कापून तोंड उघडा. हवा नसलेल्या पिशवीत मासा उबदार झाला तर बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जीवाणू वाढू शकतात. एकदा वितळलेला मासा पुन्हा कच्चा गोठवायचा नाही.

शिजवणं: घाई कुठे आणि सबुरी कुठे

मटणाला वेळ लागतो कारण त्यातल्या चिवट पडद्यांना विरघळायला बराच वेळ आणि उष्णता लागते. माशात हे पडदे थोडे आणि नाजूक, ते 50 अंशांच्या आसपासच विरघळतात. म्हणजे मासा ‘मऊ होईपर्यंत’ शिजवायची गरजच नसते. तो मऊ असतोच. फक्त आतपर्यंत साधारण 63 अंश पोचायला हवेत. त्यापुढे प्रथिनं आक्रसतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि तुकडी कोरडी, भुसभुशीत होते. शिजल्याची खूण अशी: मांस दुधी पांढरं, मधल्या काट्यापासून सहज सुटणारं. काट्याजवळ गुलाबी आणि चिकट असेल तर आणखी एक-दोन मिनिटं.

तळण्यासाठी अर्ध्या किलो माशाला एक लहान चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि दोन लहान चमचे कोकम आगळ किंवा एका लहान लिंबाचा रस लावा. आगळ खारवलेलं असेल तर मीठ निम्मं करा. वशाट वासाची अमाइनं आम्लाने बांधली जातात आणि हवेत उडत नाहीत, म्हणून हे आंबट. पण दहा-पंधरा मिनिटंच ठेवा. तासभर ठेवलं तर आम्ल मांसाला बाहेरून ‘शिजवतं’ आणि ते तव्यावर चुरा होतं. नंतर सुटलेलं पाणी टाकून द्या, दीड-दोन चमचे लाल तिखट आणि थोडं वाटलेलं आलं-लसूण खाचांत भरा. तीन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ मिसळून त्यात मासा घोळवा आणि लगेच तव्यावर घाला. घोळवून ठेवला तर रवा ओला होतो.

तवा आधी तापवा, मग तेल, तेल तापल्यावर मासा. मध्यम आचेवर तुकडी दीड सेंटिमीटर जाड असेल तर एका बाजूला तीन-चार मिनिटं, अख्ख्या बांगड्याला पाच ते सहा. हलवू नका. खालची बाजू कुरकुरीत झाली की तुकडी तव्यापासून आपोआप सुटते. उलथनं सरकवताना अडत असेल तर ती अजून तयार नाही. मासा तव्याला चिकटायची कारणं दोनच, थंड तवा आणि ओला मासा. एका वेळी चार-पाच तुकड्यांहून जास्त घातल्या की तवा थंड होतो. झाकण ठेवू नये, वाफेने कवच मऊ पडतं.

बांगड्याच्या कालवणाला एक मोठी वाटी ओलं खोबरं, आठ-दहा बेडगी मिरच्या, एक मोठा चमचा धणे आणि अर्धा चमचा हळद एकत्र गंधासारखं बारीक वाटा. वाटण जाडसर राहिलं तर खोबरं आणि पाणी वेगळं दिसतं. वाटणात अडीच-तीन वाट्या पाणी, दीड लहान चमचा मीठ, पाच-सहा आमसुलं आणि सात-आठ तिरफळं घाला. तिरफळाची आतली काळी बी काढून टाका आणि टरफलं जराशी ठेचून घाला. ती चवीला असतात, खायची नसतात. तिरफळ बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशालाच शोभतं. पापलेटच्या नाजूक कालवणात ते चव झाकून टाकतं.

आधी रस्सा उकळून कच्चा वास घालवा, साधारण पाच-सहा मिनिटं. मिठा-आंबटाची चव आत्ताच बघा, कारण मासा पडल्यावर ढवळता येत नाही. मग आच कमी करून तुकडे एका थरात सोडा. बांगड्याला सहा-सात मिनिटं, सुरमईच्या तुकडीला सात-आठ, कोळंबीला तीन-चार. डाव घालायचा नाही. टोप दोन्ही हातांनी फडक्यात धरून गोल फिरवा. खळाखळा उकळू देऊ नका, त्याने खोबरं फुटतं आणि तुकडे मोडतात. मसाला नीट मुरत नाही म्हणून लोक मासा जास्त शिजवतात, पण मसाला आच बंद केल्यावर मुरतो. वर चमचाभर कच्चं खोबरेल घालून अर्धवट झाकून वीस मिनिटं ठेवा. मासा टोपातल्या उष्णतेनेही थोडा शिजतच असतो, म्हणून तो किंचित आधीच उतरवावा.

किनाऱ्यावरच्या कोळी घरांत बऱ्याचदा खोबरं न घालता, लसूण, चिंच आणि कोळी मसाल्यावर पातळ कालवण करतात. घरात नारळ नसेल तर नवशिक्याने हेच आधी करून पाहावं: रस्सा फुटायची भीती नाही आणि माशाची चव सरळ कळते.

उरलेलं कालवण दुसऱ्या दिवशी जास्त रुचतं हे खरं आहे, पण ते रात्रभर ओट्यावर राहता कामा नये. दोन तासांच्या आत, उथळ भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच वेगळं काढून एकदाच उकळी आणा. खाताना उष्टा चमचा बुडालेलं कालवण ठेवायचं नाही, आणि परवापर्यंत तर कुठलंच नाही.